पायलीभर प्रेम, चिमूटभर भूत

देवकामावशीने कधी कुणाला "हे पुस्तक चांगलं आहे, वाच" असं सांगितलं नाही. चांगलं-वाईट ठरवणं हे मास्तर लोकांचं काम, असं तिचं म्हणणं. ती आपला हात हातात घ्यायची, पंजा दाबून बांगडीचं माप बघायची आणि तेवढ्यात आपला स्वभावही बघून घ्यायची. मग म्हणायची, "तुले तं पायलीभर पिरेम अन् चिमूटभर भूतवाली पायजे. हे घे." शेजारची कुणी तीच कादंबरी मागू लागली की तिला चक्क नकार. "तुले नाई जमत हे. तुह्या घरी सासू हाय, आनखी भूत कायले पायजे?"

सासू तिथेच बसलेली असली तरी मावशी हे बोलायची. आणि गंमत अशी की सासूच सगळ्यात जास्त हसायची.

ती राहणारी भंडाऱ्याची. बांगड्या भरणं हा तिच्या घरचा पिढीजात धंदा. भंडाऱ्याच्या बाजारात ठोक बांगड्या घ्यायच्या, एस.टी.ने साकोलीकडे यायचं आणि तिथून पायी गावोगाव हिंडायचं. डोक्यावर बांगड्यांची टोपली, आणि खांद्याला लोंबणाऱ्या पिशवीत कादंबऱ्या. भंडाऱ्यात केशवराव नावाचे एक गृहस्थ भाड्याने पुस्तकं द्यायचे. त्यांच्या दुकानात शहाण्या गिऱ्हाइकांसाठी पुढच्या फळीवर जाड जाड पुस्तकं मांडलेली असत, आणि मागे पोत्याच्या पडद्याआड खरा माल असे. राजे, राण्या, भुयारं, विषाच्या अंगठ्या, अर्ध्या रात्री आपोआप वाजणाऱ्या सतारी. मावशी सरळ पडद्याआड जायची. शाळा तिची चौथीपर्यंतच झालेली, पण वाचायची अशी की एस.टी.त पुस्तक उघडलं की उतरायचं गाव मागे जायचं आणि कंडक्टर तिच्या नावाने ओरडायचा.

मी सुलोचना. आमचं गाव बोडीटोला. बोडी म्हणजे लहानसं डबकं, पण आमचा तलाव चांगला मोठा आहे, त्याच्यावर सगळ्या गावाचं धान पिकतं. नाव कुणी ठेवलं त्यालाच विचारायला हवं. माझे वडील टिकाराम, त्यांना धान आणि बैल यांपलीकडे जग नव्हतं. माय कौशल्याबाई, तिला अक्षर येत नव्हतं पण गोष्टीची भारी हौस. मी सातवी झालेली, म्हणजे आमच्या आळीत विद्वान. मी वाचायची आणि माय, दोन्ही काकू आणि शेजारणी तांदूळ निवडत ऐकायच्या. रडायची जागा आली की सुपं थांबायची.

मावशीची पुस्तक देण्याची रीत तिच्या धंद्यातूनच आलेली होती. काचेच्या बांगड्या भरताना बाईला हलता येत नाही. हललं तर बांगडी तडकते आणि हातात शिरते. म्हणजे जोवर हात मावशीच्या हातात, तोवर ऐकणं भाग. पहिल्या बांगडीबरोबर ती गोष्ट सुरू करायची. हळूहळू, बांगडी पंजावरून फिरवत फिरवत, राणीला महालातून बाहेर काढायची, जिन्यावरून उतरवायची, भुयाराच्या दाराशी आणून उभी करायची. आणि नेमकी शेवटची बांगडी मनगटात गेली की गप्प. "मंग वो?" बाई विचारायची. "मंग काय? पुस्तकात हाय," असं म्हणून मावशी पिशवीत हात घालायची.

आणखी एक नियम तिचाच. जिथे भूत येणार, त्या पानाच्या आधी तणसाची काडी ठेवायची. धानाचं तणीस, म्हणजे पेंढा, घरोघर असतंच. म्हणजे पुढच्या वाचणारीला आधीच कळावं, कुणी पोटुशी असेल तर तिने तेवढी पानं सोडावीत. हा नियम सगळीकडे इमानाने पाळला जायचा. मी जरा जास्तच पाळायची. मला भूत यायच्या आधी, आल्यावर, गेल्यावर, आणि आता येईल की काय असं वाटलं तरीसुद्धा काडी ठेवावीशी वाटे. पुस्तक परत द्यायची वेळ आली की ते गोठ्यातून आणल्यासारखं दिसायचं.

आता त्या राणीचं सांगते, कारण पुढचा सगळा घोळ तिनेच केला.

सन चौऱ्याहत्तरच्या सुमारास मावशीने एक कादंबरी आणली. तिला पुठ्ठा नव्हता, पहिली पानं गेलेली. त्यामुळे नाव कळेना, लिहिणाऱ्याचा पत्ता नाही आणि राज्य कुठलं तेही नाही. पुस्तक एकदम सुरू व्हायचं ते असं: "...आणि तिने मागे वळून पाहिलेच नाही." ती म्हणजे राणी मेघावती. राजा लढाईवर गेलेला. तो मेला अशी खोटी खबर कुणीतरी पाठवतं, आणि दिवाण तिच्याशी लग्न करायला टपलेला. लग्नाच्या दिवशी हातात दिवा घेऊन ती पाण्यात उतरते आणि दिवा पाण्याखालीही विझत नाही. राजा जिवंत परत येतो. मग पुनवेला पाण्यावर बांगड्या वाजतात आणि राजा काठावर बसून खोटी खबर कुणी पाठवली त्याचा शोध लावतो. शोध जाऊन थांबतो तो भलत्याच माणसापाशी. कोण ते सांगणार नाही, मावशीनेही कधी सांगितलं नाही.

माझ्या हातात बांगडी घालता घालता मावशी म्हणाली, "हे तुमच्याच तलावातली रानी होय."

खोटं म्हणावं तर खोटं, धंदा म्हणावा तर धंदा. पुस्तकात राज्याचं नावच नव्हतं, तेव्हा मावशीने तो रिकामा पाट पाहून आमचं गाव तिथे बसवून दिलं. आपल्या गावची गोष्ट म्हटलं की बाया पुस्तक जपून वापरतात, पानं फाडून चुलीत घालत नाहीत, असा तिचा अनुभव. पण आमच्या गावाने ते पुस्तकातलं पुस्तकात ठेवलं नाही. त्या वर्षी पाऊस फार झाला, तलावाची पाळ फुटायला आली, आणि माझ्या मायने राणीच्या नावाने पाळीवरच्या एका दगडाला नवसाच्या हिरव्या बांगड्या बोलल्या. पाळ टिकली. मग काय विचारता! दगडाला शेंदूर लागला, बांगड्यांचा ढीग पडला. पुनवेला राणी पाळीवर वाट पाहत बसते, असं दोघी-तिघींनी पाहिलंसुद्धा. बांगड्या अर्थातच मावशीकडून घेतलेल्या.

"मावशे, तू तं भुतालेबी बांगड्या इकून राहिली," मी तिला चिडवलं.

"चूप वो," ती म्हणाली. "मी सांगाले सांगून बसली, पन आता तलावाच्या बाजूनं येतानी माह्याच अंगावर काटा येते."

तेच पुस्तक आमच्याकडून सानगडीला गेलं. तिथे पार्वताबाई म्हणून एक जबर बाई होती. आवाज असा की हाक मारली तर वावरातले बैल थांबत. तिलाही वाचता येत नव्हतं. तिचा मुलगा इश्वर तिला वाचून दाखवायचा. आणि सानगडीला आहे किल्ला, पडका का होईना. मावशीने तिथे काय सांगितलं असेल हे तुम्हाला सांगायला नको.

महिनाभराने पुस्तक पुन्हा आमच्याकडे आलं. मायला ते दुसऱ्यांदा ऐकायचं होतं. मी उघडलं आणि पाहते तर माझ्या सगळ्या काड्या हललेल्या. भुताच्या पानांवर एकही नाही. राजा राणीला पहिल्यांदा पाहतो तिथे एक काडी. ती त्याला पाणी देते तिथे एक. तो लढाईला निघतो आणि ती काहीच बोलत नाही, तिथे दोन. मी पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं, आणि उगाचच चुलीकडे जाऊन बसले. कान तापले होते ते चुलीमुळे नव्हे.

"हे कोनं केलं?" मी मावशीला विचारलं.

"सानगडीचा पोट्टा होय, इश्वर. म्हने, हे कोन भित्री हाय, भूत नाई तेथंबी काडी ठेवून राहिली? मी म्हटलं, हाय एक." मावशीने माझ्याकडे नीट पाहिलं. "काहून? काड्या काढून फेकू का?"

"राहू दे," मी म्हटलं.

त्यानंतर पुस्तकांनी बोडीटोला ते सानगडी अशा फेऱ्या घातल्या. मी भुतांच्या काड्या ठेवायची, तो प्रेमाकडे सरकवायचा. आम्ही एकमेकांना पाहिलंही नव्हतं. मावशी मात्र दोन्ही घरांना पुस्तकं निवडून निवडून देऊ लागली. भुतं कमी कमी होत गेली आणि प्रेम वाढत गेलं. शेवटी एकदा तिने माझ्या मायसमोर टोपली खाली ठेवली आणि पुस्तक न काढता म्हणाली, "कौशल्याबाई, या खेपेले पुस्तक नाई आनलं. पोरगा आनला हाय." आणि तिने इश्वरचं स्थळ सांगितलं.

बघणं झालं, पसंती झाली. खरं सांगते, मला तो आवडला होता, बघण्याच्या आधीच. चहाचा कप घेताना त्याने कपाशेजारी, बशीत, हळूच एक तणसाची काडी ठेवली. मायला वाटलं कचरा पडला, तिने ती फुंकून टाकली.

वैशाखात लग्न ठरलं. मांडवावर जांभळीच्या फांद्या, दारात केळीचे खांब. सानगडीची बरात खासरांतून, म्हणजे बैलांच्या छकड्यांतून, आली. आमच्याकडे लग्नाला बांगड्या भरणारीला बोलावतात. आधी नवरीचा हिरवा चुडा, मग दोन्हीकडच्या बायांना बांगड्या. मावशी नवं लुगडं नेसून मांडवात बसली होती. हे लग्न तिने जुळवलेलं, तिच्या चेहऱ्यावर त्याचा तोरा होता. माझा हात तिच्या हातात, एका बाजूला माय, दुसऱ्या बाजूला पार्वताबाई. चुडा अर्धा भरून झाला होता.

पार्वताबाई मोठ्या प्रेमाने म्हणाल्या, "विहीनबाई, एक हिरवी बांगडी काढून ठेवा. आमच्या रानीची. आमच्याकडं शुभकार्यात पहिला मान तिचा."

"कोनती रानी?" मायने विचारलं.

"मेघावती रानी. आमच्या किल्ल्यातली."

माय हसली. "ते तं आमच्या तलावातली होय वो!"

मावशीच्या हातातली बांगडी माझ्या पंजावर अडकली ती तिथेच थांबली. 

"तुमच्या तलावात?" पार्वताबाईंचा आवाज चढला. "तुमचं गाव बोडीटोला! रानी काय बोडीत राहाते?"

"अन् तुमच्या किल्ल्यात काय हाय? निस्ते माकडं!"

"माकडं कोनाले म्हनून राहिली?"

"माकडाले."

झालं. एकीने सुरुवात केली की मांडवातल्या सगळ्या बाया सामील. सानगडीवाल्या म्हणाल्या, किल्ल्याच्या दरवाज्यात राणी उभी राहून रडते, आम्ही कानांनी ऐकलं आहे. आमच्या बाया म्हणाल्या, ती पाळीवर बसते, आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. गलका ऐकून पुरुष मंडळी आली. त्यांना नेमकं काय झालं ते कळलं नाही, पण अपमान झाला एवढं कळलं, आणि लग्नात तेवढं पुरतं. माझे सासरे होणार होते ते लक्ष्मणराव. त्यांनी आधीच जेवणातल्या भाजीवर नाक मुरडलं होतं. ते म्हणाले, "आमच्या घरच्या देवाले खोटं म्हननाऱ्या घरची पोरगी आमाले नाई पायजे. खासरं जुपा रे!" माझे वडील, जे आयुष्यात कुणाला अरे म्हणाले नव्हते, तेही म्हणाले, "जुपा! आमची पोरगी काई जड झाली नाई आमाले."

मला रडू फुटलं. बाशिंगाच्या झालरीतून इश्वर माझ्याकडे पाहत होता, त्याचं तोंड पांढरंफटक. मला हाच नवरा हवा होता. ज्या माणसाने मला न पाहता माझं भ्यायचं ठिकाण ओळखलं, त्याचं खासर आता एका पुस्तकातल्या बाईपायी परत चाललं होतं. बैलांच्या गळ्यातल्या घागरमाळा वाजायला लागल्या.

"इचारा ना या देवकाबाईले!" कुणीतरी ओरडलं. "तिनंच सांगतली आमाले."

"आमालेबी तिनंच!"

सगळा मांडव मावशीकडे वळला. तिला पळता येत नव्हतं; नवरीचा चुडा अर्धा सोडून उठणं म्हणजे महापाप. तिने माझ्याकडे पाहिलं. गावोगावची उंबरठ्यावरची तिची जागा, तिची टोपली, पिशवी, सगळं एका वाक्याने जाणार होतं. पण माझं लग्न मोडू नये एवढंच त्या क्षणी तिच्या डोळ्यांत होतं, आणि तिने खरं सांगायचं ठरवलं. माझ्या माहितीत पहिल्यांदाच.

"रानी तुमचीबी नाई अन् यांचीबी नाई," ती म्हणाली. "ते पुस्तक होय बायांनो. कोन्या लेखकानं खुर्चीत बसून मनानं लिवलं असन. रानी झालीच नाई. मी जेच्या गावी गेली त्या गावाचं नाव घेतलं. चूक माही. पोरीचं लगन मोडू नोका."

 मला वाटलं, आता सगळेच तिला मारतील आणि मग आपलं नशीब फुटलंच.

पार्वताबाई हळूच बोलल्या. "खोटं बोलून राहिली हे."

"साफ खोटं," माय म्हणाली.

"माह्या इश्वरले टायफाईड झाला होता. डाक्टरनं हात टेकले. मी रानीले चुडा बोलली, अन् तिसऱ्या रोजी पोरानं पेज मागतली. तो लेखक आला होता का ताप उतरवाले?"

"अन् आमची पाळ?" माय पुढे सरकली. "रातभर पानी पाळीच्या बरोबर होतं. ते पुस्तकानं थांबवलं का?"

"लेखकाले काय मालूम वो? तो कधी सानगडीले आला?"

"बोडीटोल्याले तं कोनीच येत नाई!"

"तेचे पहिले पानंच फाटून गेले हायेत. तेले सोताले मालूम नसन रानी कोठची ते!"

दोघी विहिणी आता एका बाजूला, आणि एकटी मावशी दुसऱ्या बाजूला. ती तोंड उघडायची आणि दोघी मिळून तिला गप्प करायच्या. राणी नव्हतीच, असं म्हणणारी ही कोण टिकोजीराव? बांगड्या विकणं वेगळं आणि राणीची पारख वेगळी. मावशी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. मला रडता रडता हसू यायला लागलं.

मग पार्वताबाई जरा थांबल्या. बाई रागीट होती, पण डोकं जागेवर होतं. मायकडे वळून म्हणाल्या, "एक सांगा. तुमची रानी पाळीवर बसते, ते रडते का?"

"नाई. रडत नाई. चांगली मजेत बसते, पानीत पाय सोडून."

"आमची तं निस्ती रडते. दरवाज्यात उभी राहून. तोंड इकडं, या बाजूले, तुमच्या गावाकडं." पार्वताबाईंनी हात करून दाखवला. "बाई दरवाज्यात उभी राहून कायले रडते, विहीनबाई?"

मायने पदर तोंडाला लावला.  तिच्या शेजारी तिची लेक अर्ध्या चुड्यानिशी बसली होती आणि संध्याकाळी दुसऱ्या गावी जाणार होती.

"माहेराच्या आठवनीनं," ती म्हणाली.

"मंग झालं ना. तलाव तिचं माहेर. किल्ला तिचं सासर." पार्वताबाई उठल्या आणि मांडवाबाहेर तोंड काढून अशा ओरडल्या की बैल खरंच थांबले. "सोडा ते बैलं! रानी दोघायची हाय!"

लक्ष्मणराव काहीतरी पुटपुटले. पण सानगडीत पार्वताबाईंच्या पुढे पुटपुटण्यापलीकडे त्यांचं कधीच गेलं नाही, हे मला पुढे कळलं. भाजीचं तेवढं ते विसरले नाहीत.

मावशीने उरलेला चुडा भरला. एकही बांगडी तडकली नाही. शेवटची बांगडी सारताना ती माझ्या कानाशी वाकली. "सुले, आजपासून मी खरं बोलनं सोडलं. मोठं धोक्याचं काम हाय, बापा."

तिने तो शब्द पाळला. पुढे कितीतरी वर्षं ती हिंडत राहिली. ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास मोठ्या घरांत टीव्ही आले, प्लॅस्टिकच्या बांगड्या आल्या, केशवरावांचा पोत्याचा पडदाही गेला. तरी मावशीच्या पिशवीत एखादी राणी असायचीच. माझ्या धाकट्या नणंदेला तिने शोभेल अशी, तलवार जास्त असलेली कादंबरी दिली आणि ती नणंद पुढे मास्तरीण झाली. मला मात्र तिने लग्नानंतर भुतांची पुस्तकं कधी दिली नाहीत. "तुह्या घरी आता लक्ष्मनराव हायेत," म्हणायची. एकदा मीच तिला विचारलं, की मावशे, खरं सांग, राणी होती का? ती बांगड्या पुसत होती. म्हणाली, "मले काय इचारतेस? जेंच्या रान्या हायेत तेंले इचार."

पण लग्नानंतरची पहिली मंडई सांगायची राहिली.

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडईची जत्रा भरते. दंडारीचे खेळ होतात, पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात. लेकींचंच ते खरं. पण नेमकं त्याच दिवसांत धान कापणीला येतं. त्या वर्षी दिवाळीलाही मला जाता आलं नव्हतं. बोडीटोल्याच्या मंडईला वडील मला न्यायला खासर घेऊन आले, तेव्हा लक्ष्मणरावांनी त्यांना पाणी दिलं, पान दिलं आणि म्हणाले, "धान कापून बांधीत पडलं हाय, टिकारामजी. आता हात कमी करता येत नाई. पुढल्या साली पाहू."

वडिलांनी पान तसंच हातात धरून ठेवलं. ते बोलणारे नव्हतेच. मी आत माजघरात पाट्याजवळ उभी होते. इश्वर दाराशी आला, बापापुढे तोंड उघडेना, नुसता पायाचा अंगठा जमिनीत खुपसत उभा राहिला. मायच्या, तलावाच्या, पाळीवरच्या वाऱ्याच्या आठवणीने मला असा हंबरडा फुटायला आला होता की मी तोंडात पदर कोंबला. सुनेने रडावं तरी कुणाच्या देखत?

पार्वताबाई बाहेर गेल्या. मावशी त्या दिवशी बांगड्या घेऊन आमच्याच ओसरीवर बसली होती.

"पोरीले ठेवा," माझ्या सासूबाई नवऱ्याला म्हणाल्या. "मी काई म्हनत नाई. धान पयले. पन रानीले पाठवा लागन."

"कोनती रानी?"

"आता कोनती? तेच. सालभर दरवाज्यात उभी राहून रडते. मंडईले माहेरी नाई नेली तं काय होईन सांगता येत नाई. पिकाचे दिवस हायेत."

लक्ष्मणराव सटपटले. धान बांधीत, म्हणजे वावरात, उघडं पडलेलं, आभाळ जरा भरून आलेलं. "मंग तिच्या नावाच्या बांगड्या द्या टिकारामजीजवळ. नेऊन ठेवतीन तलावावर."

"बाईले माहेरी मानूस एकला नेते का?" सासूबाई कडाडल्या. "सुवासिनीच्या ओटीत बसून जाते रानी. अन् सुवासिन तिच्याच माहेरगावची पायजे. काहून वो देवकाबाई?"

मावशीने टोपलीतून मान वर केली. चेहरा इतका गंभीर, जणू पोथी सांगते आहे. "पुस्तकात तसंच लिवलं हाय," ती म्हणाली. "पाच रोज माहेरी राहाते म्हून लिवलं हाय."

"पाच?" लक्ष्मणराव म्हणाले.

"सात होते. मी कमी केले."

सासूबाई आत आल्या. माझ्या ओटीत हिरव्या बांगड्या घातल्या, वर खोबरं आणि तांदूळ. माझ्याकडे पाहिलं नाही. "लुगडं बदल," एवढंच म्हणाल्या, आणि जाता जाता माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना त्यांच्या सासूने कधी मंडईला पाठवलं नव्हतं, हे मला पुढे इश्वरने सांगितलं.

त्या वर्षापासून दर मंडईला राणी माहेरी गेली. सानगडीत दिलेल्या आमच्या गावच्या सगळ्या लेकी तिच्यासोबत जाऊ लागल्या, कारण एवढ्या मोठ्या राणीला एक दासी कशी पुरेल? धान कितीही पडलेलं असो, एकाही सासऱ्याची नाही म्हणायची छाती झाली नाही.

पण त्या पहिल्या दिवशी खासरात मी एकटीच होते, ओटी दोन्ही हातांनी धरून. बोडीटोल्याची पाळ दिसायला लागली. मंडईला आलेल्या बाया तलावाच्या वाटेवर जमल्या होत्या. राणी येणार ही खबर आमच्या खासराच्या आधी मावशीने आडवाटेने पोचवलेली. कुणाच्या हातात आरती, कुणाच्या हातात हळदकुंकू. माय सगळ्यांच्या पुढे. वडिलांनी बैल थांबवले, मी उतरले आणि ओटी पुढे केली. मायने त्या बांगड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने दोन्ही हातांत माझं तोंड धरलं आणि मागच्या बायांना ओरडून सांगितलं, "आली वो माही रानी!"